विलायती पेटी अन् तेलगावची लाईट

“पुन्यांदा बुस्टर काढून वाजवलंस ना? खरं बोल बे, काढला का न्हाई?”

“काढला.”

“कावून काढला?”

“चांगलं वाजतं म्हणून काढला.”

“अरे वा! मशीनला लाईट कमी दिली की मशीन चांगली चालती! उद्या म्हणशील, बैल उपाशी ठिवला की नांगर खोल जातो.”

पत्र्याच्या शेडमधी कोपऱ्यात बसलेला म्हाळू फिस्कन हसला. म्हाळू बेंजो पार्टीत ताशा वाजवायचा अन् शिवलिंगआप्पा बोलले की हसायचा, दोन्ही कामं तालात. केदारनं हातातली वायर खाली आपटली.

“तुमी एकदा कान लावून ऐका तर आप्पा! नुस्तं तोंड काय चालवता?”

झालं. सतरा वर्षाच्या पोरानं साठीच्या माणसाला ‘तोंड चालवता’ म्हणायचं. म्हाळूचं हसू आल्या वाटंनं परत गेलं. आप्पा ओरडले न्हाईत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कपाळावरचं घामानं ओघळलेलं भस्म उपरण्यानं टिपलं, अन् दुकानात गिऱ्हाइकाला बोलतात तसं सरळ आवाजात म्हणले, “येत्या सोमवारी ही पेटी बीडला जाती. जुना द्या, नवा घ्या.”

ते सत्त्याण्णव साल. गावोगाव केबल आली होती, पानटपरीवर थंड्याच्या बाटल्या आल्या होत्या, अन् बीडच्या मोठ्या रस्त्यावरच्या दुकानांनी ही नवी टूम काढली होती. कसलाबी जुना डबा आणा, चालू असो का बंद, नवीन घेताना त्याचे पैसे कमी करू. लोकं आज्याच्या वेळंचे रेडिओ डोक्यावर घेऊन बीडची एसटी धरायले होते. आप्पांनी तिथं एक नवीन ॲम्प्लिफायर बघून ठिवलता. सुटकेसएवढा, हलका, पुढं हिरवे-लाल दिवे नाचणारा.

अन् त्याच्या बदल्यात जाणार होती विलायती पेटी.

पेटी म्हणजे हार्मोनियम न्हाई. आवाज मोठा करायचं मशीन, पण असलं की दोन माणसांशिवाय जागचं हलत न्हाई. काळं रेग्झिन, पुढं सोनेरी पट्टी, पट्टीवरल्या नावातली दोनच अक्षरं शिल्लक, मागं ‘मेड इन इंग्लंड’. खाली वेगळं खोकं, त्यात परातीएवढाले दोन स्पीकर. अन् आत काचेचे वॉल्व. नवीन मशीनमधी असतात तसले तांदळाएवढे पार्ट न्हाईत. चांगले वांग्याएवढे काचेचे दिवे. बटन दाबलं की आधी काहीच होत न्हाई. मंग हळूहळू आत लाल होतं, चुलीत निखारा फुलावा तसं, अन् तापलेल्या धुळीचा वास येतो. त्याच्यानंतर दुसरं बटन दाबायचं. घाईनं दोन्ही संगं दाबलेलं तिला चालत न्हाई.

ती बीडच्या ख्वाजाचाचाची. ख्वाजाचाचा रेडिओ मेकॅनिक, बस स्टँडच्या मागं दुकान. त्याचा मामू हैदराबादला एका हॉटेलात इंग्रजी बाजाच्या लोकांचं सामान सांभाळायचा. हॉटेलवाल्यानं बाजा बंद करून कॅसेट लावली, तवा मामूला पगाराऐवजी ही पेटी गळ्यात मारली. ती बीडला आली अन् दहा वर्षं दुकानात टेबल म्हणून उभी ऱ्हायली. आप्पांचं धारूरात भांड्यांचं दुकान. ख्वाजाचाचाच्या आफ्रीनच्या लग्नाला देगा-पराती सगळ्या आप्पांच्या गेल्या. लग्न झाल्यावर चाचा म्हणला, “आप्पा, ये ले जाव. तुमच्या बेंजो पार्टीला कामी येईल.”

ओंकार बेंजो पार्टीत बेंजो वाजवायचा केदार. बेंजो म्हणजे लाकडी पट्टीवर तारा अन् तारांवर टाईपरायटरसारखी बटनं. डाव्या हातानं बटनं दाबायची, उजव्यानं तारा छेडायच्या. नववीत मास्तरनं डस्टर फेकून मारलं, केदारनं तेच उचलून परत मारलं, अन् नेम मास्तरपेक्षा चांगला लागला. तवापासून शाळा बंद. त्याच्या डोळ्याला सगळं दिसायचं, कोणाच्या बटनाला दोरा वेगळा हाय हे सुद्धा, पण जिभंला दार नव्हतं.

अन् ह्याच डोळ्यानं त्यानं ती गोष्ट बघितली होती.

दिवाळीनंतर धारूरात एका साखरपुड्याला बुस्टर बिघडला. बुस्टर म्हणजे लाईट कमी आली की ती वाढवून देणारा डबा. तवा ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी बुस्टर, टीव्हीवर विणलेला रुमाल अन् बुस्टरवर बी रुमाल. आप्पांचा तर नियमच होता, बुस्टरबिगर कुठलं मशीन लावायचं न्हाई. त्या दिवशी इलाज नव्हता म्हणून पेटी सरळ लायनीवर लावली. संध्याकाळची वेळ, शिवारातल्या सगळ्या मोटारी चालू, बल्ब पिकल्या लिंबासारखा पिवळा. केदारनं तार छेडली, अन् त्याच्या अंगावर काटा आला.

आवाज मोठाच होता, पण टोचत नव्हता. हलक्या हातानं वाजवलं तर धुतलेल्या भांड्यासारखा साफ. जोरात मारलं की त्याची कड फाटायची, भाकरीची कड करपती तशी, खमंग. अन् तार मारली की आवाज लगेच पुढं येत नव्हता. आधी आत दम घेतल्यासारखा दबायचा, अन् मंग फुगून यायचा, बरगड्यांतून आरपार. पेटीसमोर उभं ऱ्हायलं तर पॅन्टीचा पाय हलायचा. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पेटीला हात कळायचा. राग असंल तर राग, लाड असंल तर लाड. घरी, शाळंत, शेडमधी, केदारला सगळे म्हणायचे आवाज खाली कर. ही एकटीच होती जी म्हणायची, अजून कर, मी हाय ना.

दुसऱ्या दिवशी बुस्टर दुरुस्त होऊन आला, अन् पेटी पुन्हा पत्र्यावर खिळा घासल्यासारखी किंचाळायला लागली.

कोणाच्या ध्यानात आलं न्हाई. केदारच्या आलं. त्यानं सांगितलं, तर बैलाचा अन् नांगराचा विनोद झाला.

“आप्पा,” केदार वायर उचलत म्हणला. आवाज खाली आणायला त्याला पार बेंबीपासून जोर लावावा लागला. “शनिवारी तेलगावचं लग्न हाय. तिथं एकदा बुस्टरबिगर वाजवू द्या. फाटलं तर मी सवता उचलून बीडला नेतो.”

आप्पांनी त्याच्याकडं बघितलं. “तू उचलणार? दोन माणसं लागतात तिला.”

“म्हाळू येईल.”

“मला कावून मधी घेतो बे?” म्हाळू म्हणला.

“एक लग्न,” आप्पा म्हणले. “तेलगावात लोकांनी तोंड वाकडं केलं, की सोमवारी मी तुझं ऐकणार न्हाई अन् तिचं बी न्हाई.”

शुक्रवारी केदार बीडला गेला. ख्वाजाचाचा टेपरेकॉर्डरचं पोट फाडून बसलता. केदारनं सगळं सांगितलं तशी त्यानं चष्मा कपाळावर चढवला.

“बुस्टर लावतेत? उसकू? तौबा! अरे बेटा, विलायतेत लाईट शाळंच्या घंटीसारखी, ठरल्याएवढी. आपल्या इथं बुस्टर लावला अन् लाईट चढली, की बुस्टर अजून चढवतो. ती किंचाळंल न्हाई तर काय गझल म्हणंल?”

“म्हंजे माझं खरं हाय?”

“मैं क्या जानूँ. मी दहा साल तिच्यावर चहा ठिवला.” चाचानं ड्रॉवर उपसला अन् एका मेलेल्या बुस्टरमधून काढलेला, लाईट किती येती ते दाखवणारा काट्याचा मीटर त्याच्या हातात दिला. “ये लगा. कान सांगंल तवा काटा कुठं हाय बघ. पण लई खाली नक्को. एकशे सत्तर व्होल्टच्या खाली गेला की बंद. वॉल्व थंडे पडते. मरते फिर.”

केदार रात्रीच्याला धारूरात आला अन् शेडमधी एकट्यानं वाजवून बघितलं. काटा दोनशे तीसवर, किंचाळी. शेजारच्या पिठाच्या गिरणीची मोटार चालू झाली, काटा एकशे नव्वदवर आला, अन् पेटी गायला लागली. एकशे नव्वद. केदारनं तो आकडा तळहातावर लिहिला. कावून लिहिला ते त्यालाच ठाऊक, विसरणार तर नव्हता.

अन् तेलगावची लाईट तर अख्ख्या तालुक्यात बदनाम. चारी बाजूंनी ऊस, प्रत्येक विहिरीवर मोटार. संध्याकाळी तिथला बल्ब लावून बल्ब लागलाय का बघायला काडी ओढावी लागती असं लोक म्हणायचे. शनिवारी जीपमधी केदार येड्यासारखी शिट्टी वाजवत बसलता. म्हाळूला शंका यायला लागली की पोराला ताप हाय.

जीप तेलगावात शिरली अन् शिट्टी थांबली.

मांडवाच्या बाजूला जनरेटर उभा होता. नवाकोरा, ट्रॅक्टरएवढा, झेंडूची माळ घातलेला. मुलीचा बाप बिभीषणराव उसाचा मोठा शेतकरी, तो त्याच्यावर हात ठिवून असा उभा होता जसं काय जनरेटरचंच लग्न हाय.

“या आप्पा! आता तुमाला लाईटची चिंता न्हाई. फुल पावर!”

“लई चांगलं केलं,” आप्पा म्हणले.

 मारुतीच्या पारावर बसायची जागा दिली होती. नवरदेव परण्या, म्हंजे लग्नाआधी घोड्यावर मिरवत, निघाला की पाराशी येऊन थांबणार, पोरं तिथं नाचणार, अन् मंग वरात मांडवात, गोरज मुहूर्तावर अक्षता. जनरेटरची वायर पारापर्यंत ओढून ठिवली होती. केदारनं मीटर लावला. काटा अडीचशेच्या बी पुढं जाऊन थरथरायला लागला.

“आप्पा, ह्याच्यावर न्हाई जमायचं. गावच्या लायनीवर घेऊ.”

“बिभीषणरावांनी एवढं आणलंय अन् मी म्हणू तुमचं नको? वाजव.”

नवरदेव घोड्यावर बसून पाराकडं आला. म्हाळूनं ताशावर ठोका दिला. केदारनं तार छेडली.

ती किंचाळी पार शाळंपर्यंत गेली असंल. पोरींनी कानात बोटं घातली. घोडं दोन पाय मागं सरलं, नवरदेवाचा मुंडावळ्यांसकट तोल गेला, अन् करवल्यानं लगाम धरला म्हणून बरं. एक बारकं लेकरू भोकाड पसरून रडायला लागलं.

बिभीषणराव मोठ्यानं म्हणले, “आप्पा, डब्यात मांजर कोंडून आणलंय का काय?”

सगळा पार हसला. आप्पांचा चेहरा तांब्याच्या भांड्यासारखा झाला, घासून घासून लाल केलेला. केदारच्या डोक्यात ठिणगी पडली.

“मांजर न्हाई! तुमच्या ह्या माळ घातलेल्या रेड्याचा दोष हाय! बंद करा त्याला!”

“ए! कोणाला बोलायला बे तू?”

“केदार, खाली उतर,” आप्पा म्हणले. “म्हाळू, ताशा एकटा चालू दे.”

“पण आप्पा—”

“उतर म्हणलं ना.”

तो उतरला. पाराच्या मागं एक ठेंगणं घर होतं, त्याच्या ओट्यावर जाऊन बसला.  बेंजो आपटून फोडावा असं वाटलं, अन् तो खरंच उचलला बी, पण तो आईनं शेळी विकून घेऊन दिलता, म्हणून हळूच मांडीवर ठिवला. सोमवारी पेटी जाणार. कोणतरी तिचे वॉल्व काढून गुंडाळून ठिवील अन् खोक्याची खुर्ची करंल. अन् त्याला दिवे नाचणाऱ्या सुटकेसवर वाजवावं लागंल, जिला हात कळत न्हाई.

“मार खाल्ला का बोलणी?” मागून आवाज आला.

दारात एक म्हातारी उभी होती, नऊवारी, हातात तांदळाचं सूप. ही छबुबाई, बिभीषणरावाची आत्या.

“बोलणी.”

“मंग बरं हाय. मार असता तर हळद दिली असती.” ती आत वळली अन् भिंतीवरचं बटन दाबलं. “लागली का रे?”

केदारनं मान वर केली. दाराच्या वर बल्ब होता. आतली तार तेवढी लाल दिसायली होती, विडी पेटल्यासारखी. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं तरी त्याला ते चांगलं दिसलं.

“आजी, ही लाईट अशीच असती?”

“रोज. काय सांगू बाबा, हिच्यात माणसाला माणूस वळखू येत न्हाई. मुडदा बसला ह्या लाईटचा.”

“आजी, मला तुमची लाईट देता का? घंटाभर?”

छबुबाईनं सूप खाली ठिवलं. “त्या भाद्दरानं एवढं मशीन आणलंय, ते सोडून माझी?”

“तुमचीच पाहिजे.”

“घे मंग. छबुनं दिली म्हणून सांग. पण दिलेली परत कर,” म्हातारी म्हणली, अन् स्वतःच खुदकन हसली.

आता सगळ्यात अवघड काम ऱ्हायलं. केदार उठला, पाराकडं गेला, अन् आप्पांसमोर उभा ऱ्हायला. आयुष्यात त्यानं कोणाला गोड बोलून काही मागितलं नव्हतं. काय करायचं असतं तेच कळंना, म्हणून त्यानं आप्पांच्या पायाला हात लावला.

“आप्पा, मघाशी चुकलं. एकच गाणं. छबुआजीच्या घरची लाईट. बुस्टर न्हाई, जनरेटर न्हाई. ते झालं की मी गप. सोमवारी पेटी मी सवता देऊन येतो.”

आप्पांनी उपरणं झटकून खांद्यावर घेतलं. पाया पडणारा केदार त्यांनी बघितला नव्हता.

“एकच,” ते म्हणले.

वायर ओढली. मीटर लावला. काटा एकशे पंच्याऐंशी. केदारनं पहिलं बटन दाबलं अन् थांबला.

“काय झालं? मेली का?” गर्दीतून कोणी म्हणलं.

“चहा ठिवलाय, उकळायचाय,” दुसरा म्हणला. हशा.

केदारनं ओठ चावला. पेटीच्या मागल्या जाळीतून आत निखारे फुलायला लागले. तापलेल्या धुळीचा वास आला. त्यानं मनात दहा आकडे मोजले, मंग अजून दहा. दुसरं बटन दाबलं, बारीक गूं झालं, मधमाशीचं पोळं लांब असल्यासारखं.

त्यानं तार छेडली.

आधी तो दबला, तो आवाज. एवढासा. अन् मंग उठला. गुऱ्हाळात पाक तारंवर येतो, वर फेस, खाली काकवी, कडंला जरासा करपून आलेला, तसा घट्ट, तांबडा आवाज पारावरून उतरला अन् लोकांच्या पायांतून वर चढला. मोठा केवढा! मारुतीच्या देवळाचा पत्रा बारीक थरथरायला लागला, घंटा आपोआप किणकिणली. पण मघाशी भोकाड पसरणारं लेकरू गप होऊन तोंड उघडं टाकून बघायला लागलं. केदारनं जोर वाढवला, आवाजाची कड फाटली, अन् त्या फाटण्यात असं काही होतं की पोरांच्या टोळीतून आपसूक ‘होऽऽ’ निघालं. त्यानं हात हलका केला, पेटी कुजबुजली. पुन्हा मारला, पुन्हा उसळली. मघाचा सगळा राग हातात होताच, तो त्यानं सगळा तारंत ओतला, अन् पेटीनं त्याचं गाणं करून दिलं.

म्हाळू ताशा वाजवायचं विसरला. मंग त्याला आठवलं, अन् तो असा घुसला जसा आयुष्यात पहिल्यांदा वाजवायलाय. पोरं नाचायला लागली. नवरदेव घोड्यावरून उतरून नाचायला लागला, ते बघून घोडं बी मान हलवायला लागलं.

तिसरं गाणं चालू होतं. एकच म्हणले होते, पण आप्पांना मोजायचं सुचलं नव्हतं. तवा केदारला आवाजात काहीतरी टोचलं. त्यानं मीटरकडं बघितलं. काटा दोनशेवर. दोनशे पाच. छबुबाईच्या दारातला बल्ब चांगला उजळ व्हायला लागलता. लोक खूश झाले, “लाईट आली, लाईट आली!”

केदारनं काट्यावरून नजर काढून रस्त्याकडं बघितलं. अन् त्याला कळलं. मुहूर्त जवळ आला म्हणून शिवारातले शेतकरी मोटारी बंद करून लग्नाला यायले होते. फेटे बांधून, धोतरं झटकून, एकामागं एक. जेवढी माणसं मांडवात, तेवढ्या मोटारी बंद, अन् तेवढी लाईट जास्त. दोनशे बारा. सुरांच्या कडंला पत्र्याचा आवाज यायला लागला. आप्पांनी बी मान वळवली. त्यांना ऐकू आलं होतं.

केदार वाजवता वाजवताच ओरडला, “छबुआजी! घरी शेगडी हाय का, लाईटवरची? आकड्याची?”

“हाय की! कावून?”

“लावा! शेजारच्यांला सांगा लावायला! ज्याच्या ज्याच्या घरी शेगडी, हिटर, इस्त्री, असंल ते लावा!”

“आता? कशावर काय शिजवायचंय?”

“काही न्हाई! नुस्ती लावा! लाईट खाली आणायचीय!”

 तेलगावातल्या माणसानं जन्मभर लाईट वाढावी म्हणून अर्ज दिले, शिव्या दिल्या, पुढाऱ्याला घेराव घातला. लाईट कमी करा असं कोणी पहिल्यांदाच मागत होतं. मंग छबुबाईनं पदर खोचला.

“अगं ए सरस्वते! लाव गं शेगडी! ए पोरांनो, बघता काय, पळा! पोराची पेटी आजारी पडायली!”

पोरं गल्ल्यांत पळाली. नाचून दम लागलेली पोरं, तरी पळाली. “शेगड्या लावा! शेगड्या लावा!” असा गावभर पुकारा झाला. एका घरात शेगडी लागली, काटा दोन घर खाली. तिघांनी अंघोळीचे हिटर बादलीत सोडले, अजून खाली. कोणी तर पळत जाऊन पिठाची गिरणीच चालू केली, मोकळीच. बल्ब पिवळा झाला. मंग तांबडा झाला. अख्ख्या आळीत अंधारून आलं तसा लोकांनी आनंदानं कल्ला केला. दोनशे. एकशे पंच्याण्णव. एकशे नव्वद.

पेटीनं दम घेतला अन् पुन्हा उसळली.

बिभीषणराव आप्पांच्या शेजारी येऊन उभे ऱ्हायले होते. ओरडून बोलले तरच ऐकू जायचं, म्हणून ओरडले, “आप्पा! हे कुठलं मशीन म्हणायचं?”

“विलायतेचं!” आप्पा ओरडले. “पण आपल्याच लाईटीवर चांगलं चालतं!”

अक्षता पडायची वेळ झाली तवा भटजीनं मांडवातून हात जोडून विनंती केली, अन् केदारनं हात थांबवला. शेवटचा सूर लगेच मेला न्हाई, हळूहळू बसत गेला, दूध उतू जाता जाता खाली बसतं तसा. सगळ्यांच्या कानांत शिट्टी वाजायली होती, अन् सगळे एकमेकांकडं बघून हसायले होते. नवरदेवाच्या मामानं तिथंच आप्पांना गाठलं, सोमवारी धारूरात पूजा हाय, हीच पेटी पाहिजे, दुसरी चालणार न्हाई.

आप्पा पारावर येऊन पेटीशेजारी बसले. तिच्यावर हात ठिवला, चटका बसला, तरी लगेच काढला न्हाई.

“सोमवारी धारूरात,” ते म्हणले. “तिथं एवढ्या शेगड्या कोण लावणार बे?”

“ख्वाजाचाचा करून देईल. लाईट वाढवणारा डबा होतो, तर कमी करणारा बी होईल. काट्यावर बघून, एकशे नव्वदला आणून बांधायची.”

“तुला कसं ठाऊक होईल म्हणून?”

“ठाऊक न्हाई. विचारायचंय.”

आप्पा हसले. त्यांचं हसू दुकानातल्या उधारीवाल्यांनी बी बघितलं नव्हतं. “त्या बीडच्या दुकानाला मी निरोप देतो. न्हाई म्हणून. आता बोंबलत बसू नको. साडेआठला ख्वाजा दुकान बंद करतो. जीप घे, म्हाळूला घे, त्याला संगंच घेऊन ये, सामानासकट. न्हाई म्हणला तर उचलून आण. दोन माणसं हायत तुमी.”

“मला कावून मधी घेता आप्पा?” म्हाळू म्हणला, पण जीपकडं पळाला बी.

मांडवात मंगलाष्टक संपलं, अक्षता पडल्या, अन् पोरांची टोळी पुन्हा पाराकडं धावत आली. सगळ्यात पुढं बिभीषणराव, फेटा हातात घेऊन.

“ए बाबा, बस खाली! अजून एक! जनरेटर बंद केलाय मी!”

केदारनं पेटीकडं बघितलं. आतले निखारे अजून लाल होते. हात शिवशिवले. जीपनं हॉर्न मारला.

“न्हाई काका,” तो पारावरून उडी मारत म्हणला, “आता मला निघावंच लागतंय.”